सातवा प्रश्न ताईचा

ताईच्या घरात खिडक्या दोन आणि पडद्यांच्या जोड्या चौदा. मला हा आकडा पाठ आहे, कारण त्यातल्या नऊ मीच लपवल्यात. दोन माझ्या गादीच्या खोळीत, तीन पोटमाळ्यावर पंख्याच्या जुन्या खोक्यात, आणि उरलेल्या दाजींच्या हत्यारांच्या पेटीखाली. दाजी, म्हणजे ताईचा नवरा, शाळेची व्हॅन चालवतो. ती पेटी त्याने लग्नात आणली तेव्हापासून उघडलेली मी बघितली नाही. नळ गळला तर म्हणतो, "गळू दे, आवाज छान येतो."

मी ताईकडेच राहते. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई पंधराची. माझी वेणी घालायला कुणी नव्हतं म्हणून तिने शाळा सोडली. आणि मी काय केलं? नववीत दोनदा नापास झाले आणि मीही सोडली. तिची तर माझ्यापायी सुटली, माझी मी सोडली. त्या दिवशी ताई मला एक शब्द बोलली नाही. तिने माझं दप्तर धुतलं, दोरीवर वाळवलं, घडी घालून कपाटात ठेवलं. ओरडली असती तर मी उलटून बोलले असते, विषय संपला असता. ते दप्तर अजून कपाटात आहे.

ताई एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत काम करते. तिच्याकडे चादरी. एका बाजूने ओली चादर गरम रुळात घालायची, दुसऱ्या बाजूने कोरडी बाहेर येते, ती दोघींनी मिळून घडी करायची. तिच्या हातची घडी अशी की वरून पट्टी ठेवून बघा. दिवसभर वाफ, आणि दिवसभर पांढरं. "पांढरं बघून बघून डोळे विटतात गं," असं ती पहिल्यांदा रंगीत पडदे आणले तेव्हा म्हणाली होती. मग चपला आल्या, फुलदाण्या आल्या, तीन थर्मास आले. आमच्या घरात थर्मासमधून कुणी काही पीत नाही. त्यांना कारण काय द्यायचं ते तिलाही सुचेना. मग तिने कारणं देणंच बंद केलं.

कामावरून घरी यायला दोन रस्ते आहेत. जवळचा दवाखान्याच्या भिंतीकडून, लांबचा दुकानांमधून. तिचा मिस्ड कॉल आला की मला कळायचं, आज लांबचा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर विजेच्या मीटरचं कपाट आहे. मी खाली जायचे, ती वर यायची, कपाटाच्या आडोशाला पिशवी तिच्या हातातून माझ्या हातात. ती रिकाम्या हाताने घरात जायची आणि मी पाच मिनिटांनी कचरा टाकून आल्यासारखी.

परत करायचं कामही माझंच. बिल जपलेलं, टॅग शाबूत, आणि माझं तोंड सुरू. पडदेवाला मला लांबून बघितलं तरी म्हणायचा, "आली! शटर ओढा रे!" मी म्हणायचे, "ओढा, मी बाहेर बसून गिऱ्हाइकांना सांगते रंग कसा जातो ते." दहातल्या सहा वेळा परत घ्यायचाच. ताईला दुकानात परत जायची लाज वाटायची. मला कसलीच लाज नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

एकदा पिस्ता रंगाचे पडदे घेऊन ती वळणावर आली आणि पिशवी द्यायच्या ऐवजी पायरीवर खाली बसली. म्हटलं, चक्कर आली का? तर म्हणाली, "भिंगरी, दुकानात असताना ते माझं असतं गं. इतकं माझं की हात सुटत नाही. आणि या पायऱ्या चढायला लागले की ते चोरीचं होतं. बिल पर्समध्ये असतं, तरी चोरीचं. मीच चोर आणि मीच पोलीस." भिंगरी म्हणजे मी. माझा पाय एका जागी ठरत नाही म्हणून तिनेच ठेवलेलं नाव. शेवटच्या वाक्याला मी हसले. ती हसली नाही.

"कुणाला सांगशील?"

"दाजींना? मेले तरी नाही."

"कुणालाच नाही."

"कुणालाच नाही," मी म्हटलं. गळ्याला चिमटा घेऊन म्हटलं.

त्यानंतर महिनाभराने पडदेवाल्याकडे माझं नेहमीसारखं भांडण चालू होतं, तेव्हा मागे एक बाई उभ्या होत्या. बारीक, खांद्याला कापडी पिशवी, बघत होत्या माझ्याकडे. मला वाटलं, आता या ज्ञान देणार. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अनोळखी माणसाशी बोलायला तू घाबरत नाहीस. काम करशील?"

त्या मॅडम मनाच्या आजारांच्या दवाखान्यात संशोधन करतात. काम असं, की परदेशात एक प्रश्नावली आहे, वीस प्रश्नांची. माणसाला खरेदीचा नाद किती लागलाय ते तिच्यावरून मोजतात. तीच आपल्या भाषेत आणायची. एकाने भाषांतर केलं, दुसऱ्याने मूळ न बघता ते उलटं परत नेलं, मग दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. तेवढ्याने भागत नाही. इथल्या माणसांना ती कळते का, खरंच मोजते का, हे तीनशे माणसांना विचारून तपासायचं. प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकोन: कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. नाव लिहायचं नाही, नुसता नंबर; कुठला नंबर कुणाचा ती यादी मॅडमच्या कुलपात. पंधरा दिवसांनी त्यातल्या काहींना तोच फॉर्म पुन्हा. ज्यांना वाचायला वेळ लागतो त्यांना मी वाचून दाखवायचं, तेही तोंडावर काही न दाखवता.

घरी मी सांगितलं, सर्व्हेचं काम आहे. कशाचा ते सांगितलं नाही. ताईला वाटलं साबणाचा.

तीनशेच्या आधी वीस माणसांवर नुसतं करून बघायचं होतं. सातव्या प्रश्नावर गाडी अडली. तो होता, "खरेदीपश्चात मला अपराधभावनेचा अनुभव येतो." पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, "अपराध? ओ, मी काही केलं नाही. पोलिसांचा कागद आहे का हा?" शिकवणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "कळलं मला, पण असं कुणाला होत असेल असं वाटत नाही." विसातल्या सतरा जणांनी 'कधीच नाही'वर खूण केली.

मॅडमच्या खोलीत आम्ही बसलो होतो. मॅडम, मी, आणि चष्मिश. चष्मिश म्हणजे त्यांच्याकडे शिकणारा मुलगा, माझ्यासारखाच फॉर्म भरून आणायचा, पण डिग्री असलेला. तो म्हणाला, "अपराधभावना काढून खंत लिहू या?" मी म्हटलं, "खंत कोण करतं रे? तुझी आजी?" मॅडम हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू सांग. ज्याला हे होतं, तो माणूस कसं म्हणेल?"

माझ्या आयुष्यात कुणी शिकलेल्या माणसाने पेन उघडून मला 'तू सांग' म्हटलं नव्हतं. जीभ माझ्या आधी पळाली. "विकत घेतलेली वस्तू घरी नेताना ती चोरून आणल्यासारखी वाटते."

मॅडमचं पेन थांबलं. "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा तरी गप्प बसता आलं असतं मला. चष्मिशने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "हे भारी आहे." मॅडमनी ते लिहिलं, मूळ प्रश्नाशी लावून बघितलं, त्यांच्या वरच्या तज्ज्ञांना पाठवलं, आणि आठ दिवसांनी ते वाक्य छापून आलं. सातवा प्रश्न. मी एक कोरा फॉर्म पिशवीत घालून घरी निघाले. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटत होता. नववी नापास, आणि माझं वाक्य छापलेलं. दुसऱ्या मजल्यावर मीटरच्या कपाटाजवळ आले आणि थांबले. वाक्य माझं कुठे होतं? तो फॉर्म मी पँटच्या आत खोचून घरात नेला.

पुढचे दोन महिने मी ते वाक्य दारोदार वाचलं. आणि ते चाललं हो. बाकीच्या प्रश्नांना लोक पटापट खुणा करत, सातव्याला थांबत. एक टॅक्सीवाला म्हणाला, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?" एका बँकेतल्या बाईने फॉर्म उलटा ठेवला, पाणी प्यायली, मग सरळ केला. मॅडम आकडे मांडून बघत आणि म्हणत, "सगळ्यात दमदार तुझाच प्रश्न." चष्मिश मला 'लेखिकाबाई' म्हणायला लागला. मी त्याला म्हटलं, एकदा अजून म्हण, चष्मा गिळायला लावीन.

ठिकाणांची यादी मॅडमनी केली होती आणि त्यात ताईची लाँड्री होती. मी तिच्यापुढे लिहिलं, 'मॅनेजर नाही म्हणतो.' मी तिथे पाऊलही टाकलं नव्हतं. वाटलं, मिटलं. पण मॅडमनी स्वतः फोन लावला, तर मॅनेजर म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही, या की." मॅडमना वाटलं माझी गडबड झाली असेल. त्या रागावल्याही नाहीत. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला होते, म्हणून लाँड्रीत चष्मिशला पाठवलं. त्याने अकरा बायकांना जेवणाच्या खोलीत बसवलं आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचला.

मला यातलं काहीच तेव्हा माहीत नव्हतं, सगळं नंतर कळलं. त्या संध्याकाळी ताई जवळच्या रस्त्याने घरी आली. भाजी चिरता चिरता म्हणाली, "तुझं काम काय असतं गं नक्की?"

"तेच, दारं वाजवायची. लोक दार आपटतात, मी परत वाजवते."

"आणि विचारता काय?"

"असंच. आवडीनिवडी."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. दाजी आतून ओरडला, "मला विचार की आवडीनिवडी! बायको आवडते, बायकोची बहीण निवडून टाकली असती!" ताई एरवी यावर चमचा फेकायची. त्या दिवशी तिने भाजी धुतली.

नंतर मिस्ड कॉल बंद झाला. मला वाटलं सुटली बिचारी, नाद गेला. मग एक दिवस झाडू मारताना पलंगाखाली हात घातला, तर पिशव्या. एकावर एक, थेट फळीला टेकलेल्या. टॅग तसेच. ती पिशव्या एकटीच वर आणत होती, आणि परत करायला कुणी नव्हतं. मी झाडू तिथेच टाकून बाहेर गेले आणि तीन चकरा मारून आले. काय झालंय ते तरीही डोक्यात शिरलं नाही. जाड कातडीचे फायदे.

कळलं मॅडमच्या खोलीत. चष्मिशचे फॉर्म मी तपासत होते. नंबर दोनशे चौदा. बरोबरची खूण म्हणजे उभी रेघ आणि तिला उजवीकडे लांब शेपटी. जगात अशी खूण एकच बाई करते. लाँड्रीत गठ्ठ्यांवर करते, घरी दूधवाल्याच्या कॅलेंडरवर करते, माझ्या पहिलीच्या पाटीवर करायची. विसातल्या एकोणीस प्रश्नांपुढे शेपट्या. सातवा कोरा. माझं बोट त्या सातव्यावरच राहिलं.

मॅडम म्हणाल्या, "कोरा राहिलाय का एक? मग परत जाऊन विचारावं लागेल. आग्रह करायचा नाही. फक्त विचारायचं, राहिलं की सोडलं. त्याची परीक्षा आहे, तू जा."

"मी नाही जाणार."

"का?"

मग मी सांगितलं. पायरी, पिशवी, चिमटा, सगळं. लाँड्रीच्या मॅनेजरचं खोटंही. मॅडम कधी ओरडत नाहीत, त्याचंच दडपण येतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"म्हणजे वाक्य उसनं होतं."

"उसनं मागून आणतात, मॅडम."

मग म्हणाल्या, "हे कुठून आलं असं मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. इतकं नेमकं वाक्य हवेतून येत नाही." आणि मग, "ती नको म्हणाली तर मी सातवा काढेन. नुसता प्रश्न निघत नाही, मग सगळं पुन्हा तपासायचं, पुन्हा तीनशे माणसं. पण काढेन. तू जाऊन विचार. फॉर्म इथेच ठेव."

लाँड्रीत मी गेले तेव्हा तिची जोडीदारीण चहाला गेली होती. रुळातून चादर बाहेर येत होती. ताईने माझ्याकडे बघितलं आणि दोन कोपरे पुढे केले. "धर."

मी धरले. मोठी चादर घडी करायची म्हणजे लांब जायचं, ताणायचं, मग जवळ यायचं, कोपरे एकमेकींच्या हातात द्यायचे. यंत्राचा आवाज एवढा, की जवळ आल्यावरच बोलता येतं.

"राहिलं की सोडलं?" मी पहिल्यांदा जवळ आले तेव्हा विचारलं.

"सोडलं."

लांब गेलो. चादर ताणली. जवळ आलो.

"त्या पोराने सहावा वाचला, मग सातवा वाचला," ताई म्हणाली. "मला वाटलं, मला ताप चढलाय. शेजारची म्हणाली, अगंबाई, हे कुणी माझ्या घरात बसून लिहिलंय की काय. सगळ्या हसल्या. मीही हसले. हसले मी, भिंगरी."

"मी तुझं नाव नाही घेतलं, ताई."

"घेतलं असतंस तर निदान ते माझं तरी राहिलं असतं."

दुसरी चादर आली. मी कोपरा वाकडा धरला, तिने माझ्या हातातून घेऊन सरळ करून दिला.

"काढायला सांगते मी. मॅडम काढतील, बोलल्यात तसं."

"शेजारचीने काय खूण केली?"

"ते सांगता येत नाही. नियम आहे."

तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "आता नियम आठवला?"

कानशिलात मारली असती तरी एवढं लागलं नसतं. मी खाली बघितलं. जमिनीवर साबणाचं पाणी होतं, त्यात माझ्या चपला. त्याही तिनेच घेतलेल्या.

"किती जणांनी हो म्हटलं? तेवढं तर सांगता येतं?"

"आत्तापर्यंत दोनशे नव्वद माणसं झाली. त्यातली एकशे सहा. बऱ्याचदा किंवा नेहमी."

ताईचे हात थांबले. रुळातून चादर येत राहिली, जमिनीवर ढीग व्हायला लागला. तिच्यासारख्या बाईच्या हातून चादर जमिनीवर पडते, हे मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

"एवढे जण पायऱ्या चढतात?"

"हो."

तिने वाकून ढीग उचलला, झटकला, पुन्हा धुवायच्या टोपलीत टाकला. "राहू दे मग प्रश्न. आणि माझं लिही. नेहमी."

"मला नाही लिहिता येणार. नात्यातल्या माणसाचं लिहायचं नाही."

"मग त्या बाईंनाच लिहू दे. मला घेऊन चल त्यांच्याकडे. पण तू आत यायचं नाहीस."

"ताई, माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली. "कोपरा धर."

शनिवारी आम्ही गेलो. ती आत, मी बाहेर बाकावर. दार लावून घेतलं. एक तास दहा मिनिटं. मी नऊ वेळा उठले, नऊ वेळा बसले. इतकी वर्षं तिच्या पोटातलं ऐकणारी मी एकटी होते, आणि आता दाराच्या फटीतून नुसता पंख्याचा आवाज येत होता. तिची पिशवी माझ्या मांडीवर होती. वरून टॅग डोकावत होता. "बघू नकोस," म्हणाली होती, म्हणून बघितलं नाही. तेवढं तरी.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. पिशवी घेतली आणि दुकानांच्या रस्त्याला वळली. मला वाटलं, परत खरेदी. पण ती पडदेवाल्याच्या दाराशी थांबली आणि मला म्हणाली, "तू इथेच."

मी काचेबाहेर उभी राहिले. तिने काउंटरवर पिशवी ठेवली, बिल ठेवलं. पडदेवाल्याने नकारार्थी मान हलवली. मला ते हलवणं ओळखीचं, ते खोटं असतं, आवाज चढवला की दोन मिनिटांत विरघळतं. माझे पाय मला नुसते आत ओढत होते. मी काचेला हात लावला, काढला, दोन्ही हात काखेत घट्ट धरले. पडदेवाल्याने बाहेर माझ्याकडे बघितलं, हा काय नवा प्रकार, अशा तोंडाने. ताईने मागे वळून बघितलं नाही. ती हळू आवाजात काहीतरी बोलत होती, एक हात पिशवीवर ठेवून. मग त्याने बिल उचललं.

काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. घरी येईपर्यंत मी विचारलंही नाही. जिना चढताना ती पुढे होती, मी मागे. मीटरच्या कपाटापाशी ती थांबली नाही.